साइट उघडते, पण पैसे भरता येत नाहीत: कंटेनर, बोगदा आणि ८० बाइटांचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. तांत्रिक भाग जसा घडला तसाच ठेवला आहे, आमच्या चुकांसकट.

पार्श्वभूमी

कोकणातल्या काही आंबा बागायतदारांनी मिळून एक छोटं विक्रीचं संकेतस्थळ काढलं आहे. गिऱ्हाईक पेटी निवडतं, पत्ता घालतं, पैसे भरतं आणि पेटी कुरिअरने घरी येते. वर्षातले नऊ-दहा महिने या साइटकडे कोणी ढुंकून बघत नाही. मार्चअखेरपासून मात्र फोन खणखणायला लागतात आणि अक्षय्य तृतीयेच्या आधीचे पंधरा दिवस तर श्वास घ्यायलाही फुरसत नसते. तांत्रिक बाजू आम्ही दोघं सांभाळतो. मी कोल्हापुरात असतो, माझा सहकारी पुण्यात.

आधी सगळं एका भाड्याच्या व्हीपीएसवर, म्हणजे आभासी सर्व्हरवर होतं. फोटो वाढले, जागा वाढवली, भाडंही वाढलं. माझ्या ऑफिसात ३२ जीबी मेमरीचा एक धडधाकट सर्व्हर जवळजवळ रिकामाच पडून होता, म्हणून साइट त्याच्यावर हलवायची असं ठरलं. सर्व्हरवर डेबियन लिनक्स आणि त्यावर इन्कस, म्हणजे एकाच यंत्रात अनेक वेगळे कप्पे (कंटेनर) चालवणारं साधन. (तसंच जुनं साधन एलएक्सडी २०२३ मध्ये लिनक्स कंटेनर्स प्रकल्पातून बाहेर पडलं आणि त्यातून फुटलेली शाखा म्हणजे इन्कस. आम्ही त्याच वर्षी तिकडे वळलो आणि पस्तावलेलो नाही.) इन्कसच्या एका कंटेनरात डॉकर (हेही कंटेनर चालवणारंच साधन), आणि डॉकरच्या आत तीन तुकडे: एनजिनेक्स हा वेब सर्व्हर, मूळ अॅप आणि डेटाबेस. कंटेनरात कंटेनर म्हणजे भरल्या वांग्याच्या आत आणखी एक भरलं वांगं. हौसेला मोल नसतं.

ऑफिसच्या फायबर जोडणीला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता नाही, सीजी-नॅटमागे शेकडो ग्राहक एकच पत्ता वाटून घेतात. बाहेरून थेट आत येता येत नाही. म्हणून सगळ्यात स्वस्त असा एक व्हीपीएस ठेवला आणि तिथून ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत वायरगार्डचा बोगदा, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खासगी वाट, टाकला. गिऱ्हाईक व्हीपीएसवर येतं आणि बोगद्यातून कंटेनरापर्यंत पोचतं.

आणखी एक भानगड होती. पैसे स्वीकारणारी पेमेंट कंपनी फक्त नोंदवलेल्या आयपी पत्त्यावरून आलेल्या विनंत्या घेते. त्यामुळे कंटेनरातून बाहेर जाणारी रहदारीसुद्धा बोगद्यातूनच, व्हीपीएसमार्गे सोडावी लागली. होस्टची, म्हणजे ऑफिसच्या मूळ सर्व्हरची, स्वतःची रहदारी मात्र सरळ फायबरने बाहेर जात राहिली. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आम्ही ते दोन दिवस विसरलो होतो.

अडचण

शनिवारी रात्री साइट हलवली. रविवारी सकाळी मुखपृष्ठ उघडलं, पेट्यांचे फोटो झरझर आले. मी पोहे खाल्ले आणि आडवा झालो. बाराच्या सुमाराला बागायतदारांपैकी एका काकांचा फोन आला.

"अरे बाबा, पैसे भरूक गेलं की नुसता चाक फिरता. तीन गिऱ्हाईकांचे फोन इले."

बघतो तर खरंच. "पैसे भरा" दाबलं की आमचं अॅप पेमेंट कंपनीच्या सर्व्हरकडे एक विनंती पाठवतं, तिकडून ऑर्डरचा क्रमांक येतो आणि मग पुढचं पान उघडतं. ती विनंतीच तीस सेकंद लटकून मरत होती. कंटेनरात शिरून कर्ल या विनंत्या पाठवणाऱ्या साधनाने तोच पत्ता तपासला. जोडणी झाली असं सांगून कर्ल टीएलएसच्या (जोडणी सुरक्षित करण्याच्या पद्धतीच्या) पहिल्या पायरीवर, म्हणजे "क्लायंट हॅलो" पाठवून, गप्प बसला. चूक नाही, नकार नाही. नुसती शांतता.

गंमत म्हणजे सगळंच बंद नव्हतं. डेबियनची पॅकेजेस उतरत होती, एसएमएस जात होते. कुरिअर कंपनीची सेवा मात्र पेमेंटसारखीच लटकत होती. त्यातच दुसऱ्या एका बागायतदाराची तक्रार आली की घरच्या ब्रॉडबँडवरून पेटीचा फोटो चढवला की अर्ध्यावर अडकतो, मोबाइलवरून चढवला की जातो. ही तक्रार मी बाजूला ठेवली. वेगळंच काहीतरी असेल, नंतर बघू म्हटलं.

आणि होस्टवरून? होस्टवरून सगळं चालत होतं. पेमेंट, कुरिअर, सगळं. निष्कर्ष उघड वाटला: होस्ट ठीक, कंटेनर बिघडलेला.

पहिले दोन दिवस

आधी डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी यंत्रणा. काही चालेनासं झालं की डीएनएसवर संशय घ्यायचा ही आपल्या धंद्यातली रीतच आहे. नाव सोडवणारा सर्व्हर बदलला, मग थेट आयपी पत्ता देऊन पाहिला. तरी लटकणं तेच. खरं तर "जोडणी झाली" असं कर्लने म्हटलं तेव्हाच डीएनएस सुटलेला होता. पण घाबरलेला माणूस समोरचं वाचत नाही.

मग फायरवॉल. इन्कस आणि डॉकर एकाच होस्टवर असले तर डॉकर फॉरवर्ड साखळीचं, म्हणजे होस्टमधून पुढे जाणाऱ्या रहदारीच्या नियमांचं, मूळ धोरणच "टाकून द्या" असं करतं आणि इन्कसच्या कंटेनरांचं इंटरनेट जातं. हा जुना, प्रसिद्ध झगडा आहे. पण आमचं डॉकर होस्टवर नव्हतंच, ते कंटेनराच्या आत होतं. शिवाय त्या झगड्यात सगळंच बंद पडतं, निवडक नाही. हे कळायला सोमवारची दुपार झाली.

त्यानंतर पेमेंट कंपनी. त्यांच्या मदत कक्षाचं उत्तर होतं, "तुमच्याकडून आमच्याकडे एकही विनंती नोंदलेली नाही." आम्ही चिडलो. आता वाटतं ते खरंच बोलत होते. टीएलएसच पुरं होत नसेल तर त्यांच्या अॅपच्या नोंदवहीत काय दिसणार?

दरम्यान धंदा थांबवून चालणार नव्हतं. सोमवारी सकाळी पैसे भरायच्या पानावर यूपीआयचा क्यूआर लावला आणि "पैसे भरून पावतीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा" असं लिहिलं. काकांच्या सुनेने दोन दिवस वही घेऊन पावत्या जुळवल्या. त्या दोन दिवसांतला सगळ्यात शहाणा निर्णय हाच होता आणि तो तिचा होता, आमचा नाही.

मदत मागणं, दोनदा

लिनक्स वापरणाऱ्या मराठी मंडळींचा एक गप्पांचा गट आहे, पुण्या-मुंबईपासून परदेशापर्यंतची माणसं त्यात आहेत. रविवारी रात्री मी तिथे लिहिलं: "इन्कस कंटेनरातून काही साइट लोड होत नाहीत, होस्टवरून होतात. तातडीचं आहे, कृपया मदत करा."

तासाभरात सात-आठ उत्तरं आली. डीएनएस बदला. आयपीव्ही६ बंद करा. कंटेनर पुन्हा बनवा. इन्कस सोडून सरळ डॉकर वापरा. एकाने टीसीपीची एमटीयू चाचपणी चालू करायला सांगितलं. (एमटीयू म्हणजे एका जोडणीवरून एका पाकिटात, म्हणजे डेटाच्या एका तुकड्यात, जास्तीत जास्त किती बाइट जातात ती मर्यादा.) मी जमेल ते सगळं करून पाहिलं, एकानेही फरक पडला नाही. दोष त्यांचा नव्हता. बोगद्याचा उल्लेखच मी केला नव्हता. "पोटात दुखतंय" एवढंच सांगितल्यावर वैद्य तरी काय करणार?

सोमवारी रात्री सहकाऱ्याने मला बसवलं आणि नव्याने लिहायला लावलं. वाटेतला प्रत्येक टप्पा एका ओळीत: डॉकरचं जाळं, इन्कसचा पूल (कंटेनर होस्टशी जोडणारं आभासी जाळं), होस्ट, वायरगार्ड, व्हीपीएस, बाहेर. प्रत्येक जोडणीचा एमटीयू. काय चालतं, काय नाही, आणि कर्ल नेमका कुठे थांबतो. हे लिहिता लिहिताच मला दिसलं की होस्ट आणि कंटेनर यांची वाटच वेगळी आहे. आम्ही दोन दिवस कोल्हापूर-पुणे रस्त्याची तुलना कोल्हापूर-रत्नागिरी घाटाशी करत होतो.

या वेळी उत्तर एकच आलं. गटातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी, त्यांना सगळे काकाच म्हणतात, तीन गोष्टी मागितल्या: "होस्टवरून तीच विनंती बोगद्यातून पाठवून बघ. तुकडे न करण्याच्या अटीवर मोठा पिंग टाक. आणि व्हीपीएसवर टीसीपीडंप लावून मला फक्त पहिली वीस पाकिटं दाखव." (पिंग म्हणजे पोच मागणारं चाचणीचं पाकीट, टीसीपीडंप म्हणजे येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारं साधन.)

होस्टवरून बोगद्यातून पाठवलं आणि तेही चाललं. मी पुरता गोंधळलो. वाट तीच, तरी होस्टला जमतं आणि कंटेनरला नाही. पिंगने १४७२ बाइटांना लगेच "मोठं आहे, मर्यादा १४२०" असं उत्तर दिलं आणि १३९२ बाइट निमूट गेले (२८ बाइट शीर्षकांचे धरून बरोबर १४२०). मी लिहिलं, "काका, मर्यादेचा निरोप तर व्यवस्थित मिळतोय."

"तुला मिळतोय," त्यांचं उत्तर. "ही जाणारी वाट झाली. येणाऱ्या वाटेवर निरोप कोणाला मिळायला हवा, ते बघ."

टीसीपीडंपमध्ये काय दिसलं

कंटेनराच्या बाजूने पाहिलेलं चित्र असं होतं. जोडणीच्या पहिल्या पाकिटात कंटेनर सांगतो, माझा एमएसएस १४६०, म्हणजे एका पाकिटात मला एवढा मजकूर पाठवलेला चालेल. तिकडून होकार. कंटेनर ५१७ बाइटांचा क्लायंट हॅलो पाठवतो, त्याची पोच येते. मग तिकडून प्रमाणपत्राचे तुकडे यायला हवेत. पहिले दोन पूर्ण भरलेले तुकडे आलेच नाहीत. तिसरा, उरलेल्या काही शे बाइटांचा, तेवढा आला. शेपूट आलं, धड नाही. कंटेनर बिचारा पुन्हा पुन्हा सांगत राहिला की मधलं राहिलं आहे.

व्हीपीएसवर पाहिलं तर धड तिथवर पोचलेलं होतं. १५०० बाइटांचं पाकीट आत येतं, बोगद्यात १४२० पेक्षा मोठं काही मावत नाही, आणि पाकिटावर "तुकडे करू नका" असा शिक्का आहे. व्हीपीएस नियमाप्रमाणे पाकीट टाकतो आणि पेमेंट कंपनीच्या सर्व्हरला आयसीएमपीची, म्हणजे वाटेतली अडचण कळवणारी, चिठ्ठी पाठवतो: मर्यादा १४२०, लहान पाठवा. थोड्या वेळाने तेच १५०० चं पाकीट पुन्हा येतं, पुन्हा चिठ्ठी जाते. मग दुप्पट वेळाने पुन्हा तेच. चिठ्ठ्या जात होत्या, वाचणारं कोणी नव्हतं. पलीकडच्या कुठल्या तरी फायरवॉलने आयसीएमपी सरसकट अडवलेलं होतं.

होस्टला का जमत होतं तेही इथेच कळलं. होस्ट बोगद्यातून बोलतो तेव्हा त्याला स्वतःच्या वायरगार्ड जोडणीचा एमटीयू १४२० दिसतो, म्हणून तो पहिल्याच पाकिटात एमएसएस १३८० सांगतो आणि समोरचा मुळातच लहान पाकिटं पाठवतो. चिठ्ठीची गरजच पडत नाही. कंटेनरला फक्त आपला १५०० चा पूल दिसतो. पुढे बोगदा आहे हे त्याच्या गावीही नाही.

डेबियनची पॅकेजेस उतरत होती कारण त्या बाजूचे सर्व्हर चिठ्ठी वाचत होते. आणि अर्ध्यावर अडकणारा तो फोटो हेच दुखणं उलट्या अंगाने दाखवत होता: कंटेनर बागायतदाराच्या संगणकालाही १४६० सांगत होता, तिकडून मोठी पाकिटं निघत होती आणि व्हीपीएसची चिठ्ठी त्याच्या घरापर्यंत पोचत नव्हती. मी बाजूला ठेवलेली तक्रार हाच सगळ्यात चांगला दुवा होता.

या रोगाला नाव आहे, एमटीयू कृष्णविवर. वाटेतली मर्यादा शोधायची ही चिठ्ठीची पद्धत १९९० च्या आरएफसी ११९१ मधली (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती मांडणारे दस्तऐवज), आणि ती चिठ्ठी अडवली की काय होतं ते २००० च्या आरएफसी २९२३ मध्ये लिहून ठेवलेलं आहे. म्हणजे आम्ही नवीन काही शोधलं नाही.

मंगळवारी सकाळी टीसीपीडंप पाहताना सहकारी मध्येच ओरडला होता, "अरे, इथे २९२० बाइटांचं पाकीट दिसतंय!" तारेवर असं पाकीट नसतं. कर्नल सलग आलेली पाकिटं जोडून वर देतो आणि टीसीपीडंपला ती जोडलेलीच दिसतात. त्या पायी अर्धा तास गेला. नवख्यांनी तो वाचवावा.

कोणते पर्याय होते

जुन्या व्हीपीएसवर परत जाणं हा सगळ्यात सुरक्षित पर्याय आम्हीच बंद केला होता. पैसे वाचवायच्या घाईत मोठा व्हीपीएस शनिवारी रात्रीच सोडून दिला होता.

कंटेनरची बाहेर जाणारी रहदारी थेट फायबरने सोडावी, तर पेमेंट कंपनी तो पत्ता स्वीकारणार नाही. बाद.

एमटीयू चाचपणीचा सल्ला वाया का गेला हे आता समजत होतं. ती सोय पाठवणाऱ्याच्या कामाची. आपल्या कंटेनरात चालू केली तर आपण पाठवलेली पाकिटं लहान होतील. अडकत होती ती समोरच्याची.

गटातले एक जण म्हणाले, सगळीकडे १२८० करून टाका, विषय संपतो. खरोखरच संपतो. १२८० ही आयपीव्ही६ ची किमान मर्यादा आहे, तेवढं बहुतेक वाटांवर मावतं. पण नेमकी मर्यादा मोजलेली असताना प्रत्येक पाकिटातले १४० बाइट उगाच सोडायचे, हे मला पटलं नाही. सहकाऱ्याचं मत होतं की हंगामात पटण्या-न पटण्याला अर्थ नाही. तो चूक होता असं म्हणणार नाही.

उरले दोन. होस्टवर एमएसएस कापणं, म्हणजे बोगद्याकडे जाणाऱ्या जोडणीच्या पहिल्या पाकिटातला १४६० खोडून वाटेच्या मर्यादेप्रमाणे १३८० लिहिणं. किंवा मुळात कंटेनरालाच खरा एमटीयू सांगणं. पहिल्यात काहीच बंद करावं लागत नाही, पण तो फक्त टीसीपीला लागू पडतो. दुसरा स्वच्छ, पण सगळं थांबवून पुन्हा सुरू करावं लागतं.

काय केलं

मंगळवारी रात्री सव्वानऊला होस्टच्या एनएफटेबल्स या फायरवॉलमध्ये एमएसएस कापायची एक ओळ घातली. सहकाऱ्याने एक पेटी मागवली. चाक फिरलं नाही, पान उघडलं. रुपये भरले गेले. (ती पेटी पुढे त्याच्या घरी आली आणि हापूस चांगला निघाला.) घरच्या ब्रॉडबँडवरून फोटोही चढला. दोन्ही दिशांना कंटेनरने सांगितलेला एमएसएसच महत्त्वाचा, म्हणून एका ओळीत दोन्ही दुखणी गेली.

बुधवारी पहाटे साइट थांबवून इन्कसच्या पुलाचा एमटीयू १४२० केला आणि कंटेनर पुन्हा सुरू केला. आता एमएसएस कापायची ओळ काढूनही चाललं पाहिजे, म्हणून मुद्दाम काढली. कंटेनरातून कर्ल: चाललं. अॅपमधून पैसे: पुन्हा चाक!

दोन मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. मग उमगलं की तीच चूक एक पायरी आत गेली आहे. कर्ल इन्कसच्या कंटेनरात चालत होता, अॅप डॉकरच्या जाळ्यात होतं आणि त्या जाळ्याचा एमटीयू अजून १५०० च होता. डॉकर डीमनच्या (डॉकरच्या मुख्य सेवेच्या) जेसन फाइलमध्ये एमटीयू लिहिला, डॉकर पुन्हा सुरू केलं, तरी तेच. डीमनमधला तो आकडा फक्त मूळच्या पुलाला लागतो. आमचे तिन्ही तुकडे एकत्र उभारणारं डॉकरचं कंपोज स्वतःचं वेगळं जाळं बनवतं, त्याला तो कंपोजच्या फाइलमध्ये वेगळा सांगावा लागतो आणि जाळं मोडून नव्याने उभारावं लागतं. ते केलं आणि सुटलं. एमएसएस कापायची ओळ मात्र परत घातली आणि ठेवली. उद्या कोणी नवं जाळं बनवेल आणि आकडा विसरेल. तो कोणी बहुधा मीच असेन.

परिणाम

रविवार दुपार ते मंगळवार रात्र, साधारण ५७ तास पैसे भरायचं पान निकामी होतं. अक्षय्य तृतीयेला अकरा दिवस उरले असताना साइट सुरळीत झाली आणि हंगाम संपेपर्यंत ही तक्रार पुन्हा आली नाही. बागायतदार काकांच्या सुनेने वहीतून जुळवलेल्या सगळ्या पेट्या गेल्या, एकही चुकली नाही. पेमेंट कंपनीला आम्ही टीसीपीडंपच्या नोंदी जोडून कळवलं. त्यांचं तिकीट अजून "तपास सुरू आहे" वर आहे.

पुन्हा करायचं झालं तर

हंगामात हलवाहलवी करणार नाही, हे तर झालंच. पण हलवलं तरी जुनी व्यवस्था निदान आठवडाभर भाडं भरून ठेवू. वाचवलेल्या भाड्यापेक्षा ते ५७ तास महाग पडले.

"होस्टवरून चालतं" हे वाक्य मी आता एकट्याने वापरत नाही. कुठल्या जोडणीतून, कोणत्या पत्त्यावरून, किती मोठ्या पाकिटाने, हे सोबत लिहितो. साइट सुरू झाली हे तपासायला मुखपृष्ठ उघडणंही पुरेसं नव्हतं. एक रुपयाची खरी ऑर्डर शनिवारी रात्रीच टाकली असती तर जुना व्हीपीएस सोडायच्या आधीच सगळं उघड झालं असतं.

गटात पहिल्या वेळी मी लक्षण सांगितलं, दुसऱ्या वेळी नकाशा. मधे गेलेले चोवीस तास माझ्या खात्यावर. आता आमच्या प्रत्येक सर्व्हरच्या फोल्डरात वाटेचा असा नकाशा आणि प्रत्येक टप्प्याचा एमटीयू लिहिलेली एक फाइल आहे. गटातल्या काकांनी ती मागवून घेतली आणि एक प्रश्न विचारला, "बोगदा आयपीव्ही४ वरून आहे की ६ वरून?"

तो आयपीव्ही४ वरून आहे. वायरगार्ड त्यात ६० बाइट घालतं, म्हणजे १४२० चं पाकीट १४८० होतं आणि आमच्या फायबर जोडणीच्या (ती पीपीपीओई पद्धतीची आहे) १४९२ च्या मर्यादेत मावतं. आयपीव्ही६ वरून नेला तर ८० बाइट लागतील, १५०० होतील आणि मावणार नाहीत. पावसाळ्यानंतर आम्ही बोगदा तिकडे हलवणार आहोत. ऑफिसच्या फळ्यावर त्यासाठीचा आकडा आत्ताच लिहून ठेवला आहे: १४१२. खाली सहकाऱ्याने लिहिलंय, "पुसू नये."